निळी गाडी, पांढरी गाडी

९ मार्च २००९, सोमवार. बार्सिलोनाजवळच्या मॉन्टमेलो इथल्या सर्किटवर फॉर्म्युला वनचे संघ मोसमापूर्वीच्या चाचणीसाठी जमले होते. त्या दिवशी एका गॅरेजमधून जवळजवळ कोरी अशी पांढरी गाडी बाहेर पडली. अंगावर काळ्या-पिवळ्या रेघा, बाकी सगळं मोकळं. ज्या खेळात गाडीवरची वीतभर जागाही जाहिरातीसाठी विकली जाते, तिथे ते मोकळेपण लांबूनही नजरेत भरत होतं.

गाडीमागची गोष्ट सगळ्यांना माहीत होती. ५ डिसेंबर २००८ रोजी होंडा कंपनीने जागतिक मंदीचं कारण देत फॉर्म्युला वनमधून अंग काढून घेतलं. शेकडो माणसांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. अखेर संघाचे प्रमुख रॉस ब्रॉन यांनी सहकाऱ्यांना बरोबर घेऊन नाममात्र एका पौंडाला तो संघ विकत घेतला. ६ मार्चला तशी घोषणा झाली आणि त्याच दिवशी गाडी सिल्व्हरस्टोनला पहिल्यांदा धावली. मूळ आराखड्यात होंडाचं इंजिन होतं. आता तिथे मर्सिडीजचं इंजिन बसवायचं म्हणून सांगाड्यात फेरफार करावे लागले होते. इतर संघ कित्येक आठवडे सराव करून बसले होते. हा संघ तीन दिवसांचा होता.

त्याच आठवड्यात जेन्सन बटन आणि रुबेन्स बॅरिकेलो यांनी ती गाडी वेळफलकाच्या माथ्यावर नेऊन ठेवली, आणि तीही निसटत्या फरकाने नव्हे.

पाहणाऱ्या बऱ्याच जणांनी त्याचा एकच अर्थ लावला. प्रायोजक नाहीत, पैसा नाही. मग टाकीत चार थेंब इंधन घालायचं, गाडी हलकी करायची, एक सणसणीत वेळ नोंदवायची आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांतून पैसेवाल्यांचं लक्ष वेधायचं. हा अर्थ उगाच काढलेला नव्हता. त्याला आठ वर्षांपूर्वीचा दाखला होता.

तो दाखला एका निळ्या गाडीचा. चार वेळा जगज्जेता ठरलेल्या अ‍ॅलन प्रोस्टने १९९७ मध्ये लिजिए हा फ्रेंच संघ विकत घेऊन त्याला स्वतःचं नाव दिलं होतं. २००० च्या मोसमात त्या संघाला एकही गुण मिळाला नाही. इंजिन पुरवणारी पेजो कंपनी गेली, मुख्य प्रायोजकही गेला. २००१ च्या हिवाळ्यात मात्र ज्यां अलेसी चालवत असलेली प्रोस्टची नवी गाडी चाचण्यांमध्ये एकाएकी मोठमोठ्या संघांच्या बरोबरीने वेळा नोंदवू लागली. फेरारीचं इंजिन मिळालंय, आता प्रोस्टचे दिवस पालटले, असं लोक म्हणू लागले. प्रत्यक्षात त्या संघाला पहिला गुण मिळायला सातवी शर्यत उजाडावी लागली, मोनॅकोची. अख्ख्या मोसमात मिळाले चार गुण. जानेवारी २००२ मध्ये संघाचं दिवाळं वाजलं.

एकच लक्षण, दोन गाड्या, आणि निकाल परस्परविरुद्ध. चाचणीच्या दिवसांत संघांच्या ताकदीबद्दल अंदाज बांधणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. दर फेब्रुवारीत बहरीनमधली चाचणी आपल्याकडे दुपारी साडेबाराला सुरू होते आणि रात्री साडेनऊपर्यंत चालते. मी वहीत रकाने आखून बसतो आणि दरवेळी पहिला रकाना, म्हणजे दिवसातली सर्वांत वेगवान फेरी, मुद्दाम शेवटी भरतो. ती फेरी अनेकदा सगळ्यांत कमी सांगते.

का, ते समजून घ्यायला आधी इंधनाकडे पाहावं लागतं. २०१९ ते २०२५ या काळातल्या नियमांनुसार शर्यतीत जास्तीत जास्त ११० किलो इंधन वापरता येत असे. सर्किट कुठलं आहे यावर थोडंफार अवलंबून असतं, पण दर १० किलो जादा वजनामागे एका फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जास्त लागतात, असा या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. म्हणजे टाकी पूर्ण भरलेली गाडी आणि तीच गाडी जवळजवळ रिकामी, यांच्यात एका फेरीला तीन सेकंदांहून जास्त फरक. आता हे अंतर कशाच्या तुलनेत मोजायचं ते पाहा. अलीकडच्या मोसमांत पात्रता फेरीत पहिल्या आणि शेवटच्या गाडीत पुष्कळदा दीड-दोन सेकंदांचाही फरक नसतो. म्हणजे सगळ्या संघांच्या ताकदीतला मिळून जो फरक, त्याहून मोठा फरक एका टाकीत दडलेला असतो. आणि चाचणीत कुणाच्या टाकीत किती इंधन आहे हे बाहेर कुणालाच सांगायचं नसतं. एखाद्याने ३० किलो जास्त घेतलं तर तो नऊ दशांश मागे दिसणार. तेवढ्याने पहिल्या क्रमांकाची गाडी बाराव्या-तेराव्या क्रमांकावर जाऊन बसते.

शर्यतीच्या दिवशी गाडीचं वजन काटेकोरपणे तपासलं जातं. २०२५ मध्ये चालकासकट किमान ८०० किलोची अट होती. चाचणीत मात्र गाडी शर्यतीच्या अटीत बसलीच पाहिजे असं बंधन नसतं. निळी गाडी अशीच हलकी करून पळवली असावी, ही जी शंका लोकांना पुढे आली तिचं मूळ इथे आहे.

टायरचा गोंधळ दुसरा. २०११ पासून पिरेली ही एकच कंपनी सगळ्यांना टायर पुरवते, पण ते टायर कठीणपासून मऊपर्यंत निरनिराळ्या मिश्रणांचे असतात. सगळ्यांत कठीण सी-वन, मग सी-टू, सी-थ्री असं करत सी-फाइव्हपर्यंत. एक पायरी मऊ टायर लावला की फेरीमागे काही दशांश सेकंद वाचतात. बहरीनच्या शर्यतीला मात्र सहसा कठीण बाजूचे तीनच टायर नेले जातात, कारण तिथली धावपट्टी टायर खाते. तिच्या डांबरातली खडी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातल्या खाणीतून आणलेली आहे, पकड चांगली आणि पृष्ठभाग खरखरीत. त्यामुळे चाचणीत कुणी सी-फाइव्हवर नोंदवलेली वेळ तिथल्या शर्यतीबद्दल फारसं काही बोलत नाही. त्या टायरला त्या शर्यतीत जागाच नसते.

शिवाय घड्याळ. दुपारी दोन वाजता बहरीनमधल्या साखीरच्या वाळवंटात डांबर तापलेलं असतं, वारा वाळू आणून टाकतो. संध्याकाळी सहानंतर तीच धावपट्टी थंड होते आणि गाड्या वेगवान होतात. शर्यतही संध्याकाळीच असते, म्हणून दिवसातले खरे मोलाचे तास शेवटचे दोन. दुपारी पहिला आलेला चालक आणि संध्याकाळी सातवा आलेला चालक यांची तुलना करणं म्हणजे मे महिन्यातल्या नागपूरची दुपार आणि महाबळेश्वरची पहाट एका तराजूत घालणं. इंजिनाची ताकदही गरजेप्रमाणे कमी-जास्त ठेवता येते. चाचणीत ती बहुतेक वेळा कमीच ठेवतात, कारण नव्या इंजिनाची प्रकृती अजून कळायची असते.

एवढं ऐकल्यावर लोक विचारतात, म्हणजे सगळे मुद्दाम लपवतात का? वस्ताद चेल्याला सगळे डाव शिकवतो आणि एक राखून ठेवतो, असं आपल्याकडे म्हणतात. फॉर्म्युला वनमध्येही हात राखून चालवण्याच्या कथा भरपूर आहेत. चालक दोन तृतीयांश फेरी जीव तोडून चालवतो आणि शेवटच्या टप्प्यात पाय उचलतो. फलकावर साधारण वेळ उमटते, संघाला मात्र हवं ते कळलेलं असतं. पण माझं मत असं की या लपवाछपवीला गरजेपेक्षा जास्त महत्त्व दिलं जातं. अलीकडच्या काही वर्षांत अख्खी हंगामपूर्व चाचणी तीन दिवसांवर आली होती. दिवसाला आठ तास, आणि संघाला एकच गाडी. म्हणजे प्रत्येक चालकाच्या वाट्याला जेमतेम बारा तास. तेवढ्यात शीतकरण तपासायचं, ब्रेक तपासायचे, वाऱ्याचा प्रवाह मोजायला चाकांमागे दाब मोजणाऱ्या नळ्यांची भलीमोठी जाळी लावून ठरलेल्या वेगाने फिरायचं, पंखांवर चमकणारा पातळ रंग फासून हवा कुठून कशी वाहते ते पाहायचं. इतक्या कामात नाटक करायला वेळ कुणाला आहे? बहुतेक संघ आपल्या सवयीप्रमाणे ठराविक इंधन भरतात आणि ठरलेला कार्यक्रम पार पाडतात. पहिलं येणं त्या कार्यक्रमात नसतंच.

लपवायचं असतं ते मुख्यतः यंत्रातलं नावीन्य, आणि तेही फार काळ लपत नाही. पिटच्या भिंतीवर दुसऱ्या संघांनी नेमलेले छायाचित्रकार असतात. इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करून त्याच्या पट्टीवरून फेऱ्यांचा वेग आणि गिअर काढणारे अभियंते असतात. प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्यांची उपग्रहांवरून मिळणारी स्थाननोंद तपासून कुठल्या वळणावर कोण किती वेगात होतं आणि सरळ रस्त्यावर कुणाचं इंजिन कमी ताकदीवर होतं, याचा हिशेब प्रत्येक संघ रोज रात्री मांडतो. २० फेब्रुवारी २०२० रोजी, बार्सिलोनातच, लुइस हॅमिल्टन सरळ रस्त्यावर स्टिअरिंग चाक स्वतःकडे ओढतो आणि वळणाआधी परत ढकलतो, हे त्याच्या गाडीवरच्या कॅमेऱ्यातून साऱ्या जगाने पाहिलं. तसं केल्याने पुढच्या चाकांचा कोन बदलत होता. मर्सिडीजने महिनोन्महिने जपलेलं गुपित चाचणीच्या दुसऱ्या दिवशी उघडं पडलं. त्या मोसमापुरती ती युक्ती चालली आणि पुढच्या वर्षीपासून नियमाने बंद झाली.

मग बाहेरून पाहणाऱ्याने बघायचं काय? मी लांब पल्ला बघतो. बहरीनची शर्यत ५७ फेऱ्यांची, ३०८ किलोमीटरची. चाचणीत कधीतरी प्रत्येक संघ तिची रंगीत तालीम करतो. टाकी भरून निघायचं, पंधरा-वीस फेऱ्या सलग मारायच्या, पिटमध्ये येऊन टायर बदलायचे, पुन्हा निघायचं, असं पूर्ण अंतर संपेपर्यंत. या तालमीचं सौंदर्य असं की ती खोटी करता येत नाही. निघाल्यापासून मध्ये इंधन भरता येत नाही. म्हणून जो ५७ फेऱ्या सलग पार पाडतो त्याने पहिल्या फेरीला किती इंधन घेतलं होतं, हे आपोआप कळतं. शंभर किलोंच्या वरच. टाकीचं झाकण न उघडता आत काय आहे ते समजण्याचा हा एकच खात्रीचा मार्ग.

आणि मग आकडे बोलू लागतात. ११० किलो इंधन ५७ फेऱ्यांत जळतं, म्हणजे फेरीला जवळपास दोन किलो. वरच्या हिशेबाने गाडी दर फेरीला सहा शतांश सेकंदांनी वेगवान व्हायला हवी, केवळ हलकी होते म्हणून. टायर मात्र झिजत जातो आणि तिला मागे खेचतो. समजा एका गाडीच्या पंधरा फेऱ्यांच्या वेळा जवळजवळ सारख्याच राहिल्या. याचा अर्थ टायर फेरीमागे सहा शतांश खातोय आणि इंधन तेवढंच परत देतंय. दुसरी गाडी पहिल्या फेरीत दोन दशांशांनी वेगवान आहे, पण दर फेरीला एक दशांशाने मंदावते. म्हणजे तिचा टायर सोळा शतांशांनी झिजतोय. तिसऱ्याच फेरीला त्या दोघी बरोबरीत येतात आणि पंधराव्या फेरीला दुसरी गाडी सेकंदाहून जास्त मागे पडते. दिवसाच्या फलकावर दुसरी गाडी वर दिसेल आणि शर्यत पहिली जिंकेल. हा तक्ता वहीत मांडताना मला जो आनंद होतो तो एखादी शर्यत बघताना होणाऱ्या आनंदाहून कमी नाही. कुणीही न सांगितलेली गोष्ट साध्या बेरीज-वजाबाकीतून हाती लागते.

२०२५ च्या फेब्रुवारीतली बहरीनची चाचणी याचा चांगला नमुना आहे. तीन दिवसांतली सर्वांत वेगवान फेरी कार्लोस साइन्झची, १ मिनिट २९.३४८ सेकंद, गाडी विल्यम्स. फलकाकडे पाहणाऱ्यांनी विल्यम्सबद्दल लिहिलं. लांब पल्ल्याकडे पाहणारे मात्र दुसऱ्या दिवशी लँडो नॉरिसने मॅकलॅरेनमध्ये केलेल्या तालमीबद्दल बोलत होते. तिथे टायर जवळजवळ झिजतच नव्हता. मॅकलॅरेनने त्या वर्षीचं संघांचं विजेतेपद मिळवलं, नॉरिस जगज्जेता झाला. विल्यम्सची प्रगतीही खरी होती, ते पाचवे आले. पण पाचवे.

त्याआधी २०२३ मध्ये हीच गोष्ट अ‍ॅस्टन मार्टिनच्या बाबतीत झाली. आदल्या वर्षी हा संघ सातवा होता. चाचणीच्या दुसऱ्या दिवशी फलकाच्या माथ्यावर होता अल्फा रोमिओचा जो ग्वानयू, पण फर्नांडो अलोन्सोच्या लांब पल्ल्याच्या वेळांनी जाणकारांना दोनदा तपासायला लावलं. एक्केचाळिशीतला चालक, मधल्या फळीतला संघ, आणि वेळा फेरारी-मर्सिडीजच्या तोडीच्या. पहिल्या आठ शर्यतींत अलोन्सो सहा वेळा पहिल्या तिघांत आला. अल्फा रोमिओने मोसम संपवला नवव्या क्रमांकावर.

फेऱ्यांची संख्या हाही एक रकाना आहे, आणि नियम आमूलाग्र बदलतात त्या वर्षी तो फार मोलाचा ठरतो. २०१४ मध्ये व्ही-एट इंजिनांच्या जागी विजेची जोड असलेली व्ही-सिक्स टर्बो इंजिनं आली. जानेवारीच्या अखेरीस स्पेनमधल्या हेरेथला पहिली चाचणी झाली. सलग चार वर्षं जगज्जेत्या ठरलेल्या रेड बुलच्या गाडीने चार दिवसांत मारल्या २१ फेऱ्या. अंतर भरलं ९३ किलोमीटर. पुण्याहून निघालेली गाडी साताऱ्यापर्यंतही पोचली नसती. मर्सिडीजने त्याच चार दिवसांत ३०९ फेऱ्या मारल्या, तेराशे किलोमीटरांहून जास्त. रेड बुलची गाडी तापत होती, धूर सोडत होती. ती गुंडाळून संघ चौथ्या दिवशी लवकरच थांबला. त्या मोसमातल्या १९ पैकी १६ शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. उरलेल्या तीन कुणी जिंकल्या? रेड बुलनेच, आणि ते दुसरेही आले. म्हणजे गाडी किती धावली यावरून इंजिन विश्वासाचं आहे की नाही ते कळतं. दुरुस्त झाल्यावर ती किती धावेल ते त्यातून कळत नाही. पुढच्या वर्षी होंडाचं इंजिन घेऊन आलेल्या मॅकलॅरेनने हेरेथला ७९ फेऱ्या मारल्या. त्यांचं दुखणं मात्र मोसमभर बरं झालं नाही. दहांत नववे आले, गुण २७.

या सगळ्या शास्त्राची परीक्षा पाहणारं वर्ष म्हणजे २०१९. त्या वेळी बार्सिलोनात चार-चार दिवसांच्या दोन चाचण्या होत. फेरारी पहिल्या दिवसापासून वेगवान दिसत होती. एका फेरीतही, लांब पल्ल्यातही. दुसऱ्या आठवड्यात मर्सिडीजने गाडीचं रूपच बदलून आणलं. शेवटच्या दिवशी फेरारीच्या सेबॅस्टियन फेटेलची वेळ १ मिनिट १६.२२१ सेकंद, हॅमिल्टनची १६.२२४. तीन सहस्रांशांचा फरक. हॅमिल्टन तेव्हा म्हणाला होता की फेरारी कदाचित अर्ध्या सेकंदाने पुढे असेल. मेलबर्नच्या पात्रता फेरीत हॅमिल्टन पहिला आला आणि फेटेल सात दशांश मागे राहिला. शर्यत मर्सिडीजच्याच व्हाल्टेरी बोटासने जिंकली, फेटेल चौथा, जवळपास मिनिटभर मागे. पहिल्या पाचही शर्यतींत मर्सिडीजने पहिला आणि दुसरा क्रमांक पटकावला. मर्सिडीजवाले नाटकी आहेत, रडून दाखवतात, असं लोकांनी तेव्हापासून मनात धरलं.

मला ते पटत नाही. दुसऱ्या शर्यतीत, बहरीनमध्ये, फेरारीच्या शार्ल लक्लेअरने पहिल्या क्रमांकावरून सुरुवात केली आणि इंजिनाचा एक सिलिंडर रुसेपर्यंत तो शर्यत जिंकतच होता. म्हणजे चाचणीत दिसलेला फेरारीचा वेग भास नव्हता, तो काही सर्किटांवर होता आणि काहींवर नव्हता. बार्सिलोनाची थंड फेब्रुवारी, मेलबर्नचे बागेतले रस्ते आणि बहरीनचं वाळवंट या तीन ठिकाणी एकच गाडी तीन निरनिराळ्या स्वभावांची असते. शिवाय मर्सिडीजला आपल्या नव्या रूपाची पुरती ओळख चाचणीच्या आठव्या दिवसापर्यंत झाली नव्हती. हॅमिल्टन चुकला असेल, पण खोटं बोलत होता असं म्हणायला आधार नाही. संघाला स्वतःच्या टाकीतलं इंधन ग्रॅमपर्यंत माहीत असतं, शेजाऱ्याच्या टाकीबद्दल तोही आपल्यासारखाच अंदाज बांधतो.

मर्सिडीजवाले रडून दाखवतात या समजुतीची किंमत तीन वर्षांनी कळली. २०२२ मध्ये पुन्हा नियम बदलले. गाडीच्या तळाखालची हवा शोषून तिला रस्त्याला चिकटवून ठेवणारी रचना परत आली. बार्सिलोनात गाड्या बाहेर पडल्या आणि सरळ रस्त्यावर वर-खाली उसळू लागल्या. वेग वाढला की तळ खाली ओढला जातो, रस्त्याशी इतका जवळ येतो की मधली हवा कोंडते, पकड सुटते, गाडी वर उठते, पुन्हा ओढली जाते. सेकंदाला कित्येक वेळा. हे प्रयोगशाळेत दिसलं नव्हतं, कारण पवनबोगद्यात साठ टक्के आकाराची प्रतिकृती ताशी १८० किलोमीटरच्या मर्यादेत तपासायची मुभा असते आणि हा प्रकार त्याहून फार मोठ्या वेगाला सुरू होतो. मर्सिडीजने बहरीनच्या चाचणीत बाजूचे फुगीर भाग जवळजवळ नाहीसे केलेली गाडी आणली. तिला पाहून सगळे थक्क झाले. हॅमिल्टन म्हणाला की सध्या आपण विजयासाठी लढण्याच्या स्थितीत नाही. ऐकणाऱ्यांना २०१९ आठवलं आणि त्यांनी मान डोलावून सोडून दिलं. आठवड्याभराने पात्रता फेरीत तो पाचवा होता, पहिल्या गाडीपासून जवळपास सात दशांश दूर. त्या अख्ख्या वर्षात मर्सिडीजने एकच शर्यत जिंकली, ब्राझीलमध्ये, आणि तीही जॉर्ज रसेलने.

त्या वर्षी मीही वहीत मर्सिडीजला पहिल्या दोघांत मांडलं होतं. आकडे समोर होते. लांब पल्ला मंद होता, चालक प्रत्येक वळणाला झगडताना दिसत होते. मी तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर विसंबलो आणि डोळ्यांपुढच्या गाडीकडे पाहिलं नाही. प्रोस्टला आठवून ब्रॉनला नाकारणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं.

आता त्या पांढऱ्या गाडीकडे परत जाऊ. मार्च २००९ मध्ये, जेव्हा कुणालाच पुढचं माहीत नव्हतं, तेव्हा निळी आणि पांढरी यांतला फरक ओळखता आला असता का? माझ्या मते आला असता, कारण खुणा उघड्यावर होत्या.

पहिली खूण वेळेची. होंडाने २००८ च्या गाडीवरचं काम मोसम अर्धवट असतानाच सोडून दिलं होतं. ती गाडी इतकी रडतखडत चालली की वर्षभरात संघाला १४ गुण मिळाले. त्या काळात कारखान्यातली सगळी बुद्धी आणि एका मोठ्या मोटार कंपनीचा सगळा पैसा पुढच्या वर्षीच्या गाडीत ओतला जात होता. २००९ चे नियमही पूर्ण नवे होते. पंख बदलले, खाचा नसलेले टायर परत आले. जुन्या मोसमात विजेतेपदासाठी अखेरच्या शर्यतीपर्यंत झगडणाऱ्या फेरारी आणि मॅकलॅरेनला इतका वेळ मिळणं शक्य नव्हतं. पैसा आटला होता, हे खरं. पण तो आटला गाडी तयार झाल्यावर. प्रोस्टकडे तो गाडी तयार होतानाच नव्हता.

दुसरी खूण गाडीच्या शेपटीत होती. मागच्या बाजूला, तळाखालून येणारी हवा पसरवून गाडीला खाली खेचणाऱ्या भागाला डिफ्यूझर म्हणतात. नव्या नियमांनी त्याच्या उंचीवर बंधन घातलं होतं. ब्रॉनच्या अभियंत्यांनी नियमाच्या शब्दांत एक फट शोधली आणि तळाला भोक ठेवून वर दुसरा मजला उभा केला. टोयोटा आणि विल्यम्स यांनाही ती फट सापडली होती. प्रतिस्पर्धी संघांचा त्यावर आक्षेप होता आणि मेलबर्नला तर त्यांनी रीतसर तक्रारच केली. ती १५ एप्रिलला अपील न्यायालयाने फेटाळली. निव्वळ दिखाव्यासाठी वेग दाखवणाऱ्या गाडीविरुद्ध कुणी न्यायालयात जात नाही. निळ्या गाडीच्या वेगाला असं बोट ठेवून दाखवता येईल असं कारण कधीच सापडलं नव्हतं.

आणि तिसरी खूण, माझ्या आवडत्या रकान्यातली. ती गाडी एकच फेरी मारून गॅरेजमध्ये परतत नव्हती. लांब पल्ल्यातही ती वेगवान होती आणि पाहणाऱ्या अभियंत्यांच्या लक्षात आलं होतं की तिचे टायर टिकतायत. त्या काळी शर्यतीत मध्येच इंधन भरता येत असल्याने टाकीचा अंदाज आजच्याहून अवघड होता. तरी फेरीमागून फेरी तोच वेग राखणाऱ्या गाडीची टाकी रिकामी असू शकत नाही, एवढं तर साधं गणित सांगतंच.

मेलबर्नला पोचेपर्यंत तिच्यावर जाहिराती जवळजवळ नव्हत्याच. शर्यतीच्या आठवड्यात रिचर्ड ब्रॅन्सन यांचा व्हर्जिन समूह आला आणि पांढऱ्या रंगावर लाल नाममुद्रा लागली. पात्रता फेरीत बटन पहिला, बॅरिकेलो दुसरा. २९ मार्चच्या रविवारी शर्यत संपायला तीन फेऱ्या उरल्या असताना दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या फेटेल आणि कुबित्सा यांची टक्कर झाली, सेफ्टी कार आली आणि उरलेलं अंतर सगळ्यांनी तिच्यामागे संथपणे कापलं. पहिल्याच शर्यतीत पहिला आणि दुसरा क्रमांक मिळवण्याचा पराक्रम कुठल्याही संघाने १९५४ नंतर केला नव्हता. त्या शेवटच्या फेऱ्यांत दोन पांढऱ्या गाड्या एकामागोमाग एक, चाचणीतल्या कुठल्याही फेरीहून मंद गतीने, मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कमधल्या तळ्याकाठून येत होत्या. त्या फेऱ्यांच्या वेळा कुणी लिहून घेतल्या नसतील.